सोमवारचा आकडा

चाचा, या सोमवारी मी आपल्या श्वास मोजायच्या जुन्या मशिनमध्ये शेवटचं फुंकलं. पुढच्या आठवड्यात नवीन मशिन येतंय. कंपनीची माणसं टेप लावून खोलीचं माप घेऊन गेली आणि दुपारी पेशंट नव्हते तेव्हा मी तुमच्या खुर्चीत जाऊन बसलो, भिंतीकडच्या, एक हात मोडलेल्या. तुम्हाला जाऊन सहा वर्षं झाली, पण ती खुर्ची अजून कोणी फेकली नाही आणि मी फेकू दिली नाही. बसल्या बसल्या वाटलं, तुम्हाला एक गोष्ट सांगायची राहून गेली आहे. एकदम तिच्यावर येता येत नाही, म्हणून पहिल्यापासून लिहितो.

मी तुमच्याकडे आलो तेव्हा एकोणीस वर्षांचा होतो आणि बीएस्सी दुसऱ्या वर्षात सोडून आलो होतो. प्रॅक्टिकल चालू असताना सर मला म्हणाले, ‘तुझ्याच्यानं हे व्हायचं नाही, तू आपली भातलावणी कर,’ आणि मी हातातली काचेची नळी फरशीवर आपटली, दप्तर उचललं आणि थेट पोशीरला घरी. लोकांना सांगताना मी स्वाभिमान वगैरे म्हणायचो. खरं असं की समोरच्या टेबलाशी ती उभी होती. ती बघत नसती तर मी नळी स्टँडला लावून गपचूप उरलेलं प्रॅक्टिकल केलं असतं. ती नेरळची. तिच्यासाठी मी तीन वेळा केस वेगवेगळे कापले होते आणि तिच्याशी एकूण बोललो असेन पंधरा वाक्यं.

खालापूरच्या बाजूच्या या हॉस्पिटलात माझा मामा वॉर्डबॉय होता. त्याने मला व्हीलचेअर ढकलायला लावलं. आठवड्याभरात मी एका पेशंटच्या भावाशी लिफ्टसमोर भांडलो. सगळा मजला गोळा झाला, मामा हात जोडून उभा, आणि कोपऱ्यातल्या खोलीचं दार उघडून तुम्ही बाहेर आलात. पांढरी दाढी, पायात चामड्याच्या चपला, गळ्यात नाकाला लावायची चिमटी दोरीने बांधलेली. मला वाटलं आता हाकलतायत. तुम्ही म्हणालात, “कोण ओरडतंय रं? हा आवाज भांडणात कशाला घालवतोस? माझ्याकडं दे.”

आपलं काम ओरडायचंच, हे मला तिथे कळलं. माणूस नळीत तोंड घालून बसतो, नाकाला चिमटी, आणि आपण त्याच्या कानाशी ओरडायचं. सोडा सोडा सोडा, अजून, अजून, आता ओढा, पूर्ण ओढा, धरा! मग तुम्ही हवेत दोन्ही हात धरून एकेक बोट मिटवत जायचात. दहा बोटं मिटली की “सोडा”. म्हाताऱ्या बायका तुमच्या बोटांकडे बघत श्वास धरायच्या, पोरं परीक्षेत घड्याळाकडे बघतात तशा. पहिल्या दिवशी मी विचारलं, “चाचा, यांचं फुंकून तर मघाशीच झालं. परत कशाला?” तुम्ही म्हणालात, “तू पोशीरचा ना? शेतात पाणी किती साठलं ते बांधावरनं दिसतं. जमिनीत किती मुरलं, ते दिसतं काय? मघाशी साठलेलं मोजलं. आता मुरलेलं मोजायचं.” आत गेलेल्या हवेतलं रक्तात किती उतरतं, यावर नंतर मी छातीच्या डॉक्टर मॅडमच्या पुस्तकात चाळीस पानं वाचली. त्यात मला नवीन काही मिळालं नाही.

त्या मापासाठी सिलिंडरमधल्या हवेत चिमूटभर वेगळा वायू असतो. तोच सिगरेटच्या धुरातही असतो. म्हणून ज्याने सिगरेट ओढली, त्याच्या रक्तात तो आधीच जागा धरून बसतो आणि मशिनमधला आत शिरत नाही. “यष्टी खोपोलीवरनंच भरून आली, मग चौकवाल्यांनी कुठं बसायचं?” असं तुम्ही पेशंटना समजवायचात. टेस्टच्या दिवशी सिगरेट-बिडी बंद, हा दारावरचा बोर्ड तुमच्याच अक्षरातला.

आणि सोमवार. मशिन खरं बोलतंय की नाही हे बघायला मशिन पुरत नाही, एक माणूस लागतो, हे मला फार मजेशीर वाटलं होतं. ठणठणीत, ठरलेला एकच माणूस. दर सोमवारी पेशंट यायच्या आधी त्याने स्वतः फुंकायचं, आणि त्याचा आकडा मागच्या सोमवारएवढाच आला पाहिजे. दोनाने इकडेतिकडे चालतं. फार हलला तर मशिनमध्ये काहीतरी आहे. कितीतरी वर्षं तो माणूस तुम्ही होतात. तुमचा आकडा पंचवीस. मग रमजान आला. रोज्यात औषधाचा धूर असो की मशिनचा गॅस, आत घ्यायचा नाही असा तुमचा नेम होता, म्हणून त्या महिन्यात तुम्ही मला खुर्चीत बसवलंत. माझा आकडा आला तेहतीस. तुम्ही रजिस्टरवर तो लिहिलात, तारखेपुढे माझं नाव लिहिलंत आणि म्हणालात, “आजपासून या खोलीचं माप तू.” कॉलेजातून पळालेल्या पोराला कोणी माप म्हणतंय! मी त्या संध्याकाळी घरी जाऊन आईला तीनदा सांगितलं. तिसऱ्यांदा ती म्हणाली, “कळलं रं बाबा, तू भात मोजायची पायली झालास, आता जेव.” ईद झाली तरी तुम्ही ते काम परत घेतलं नाहीत. “राहू दे, तुझी फुप्फुसं नवी हायत.” त्यामुळे पुढचं दीड वर्ष तुम्ही स्वतः एकदाही फुंकलं नाहीत, हे तेव्हा कोणाच्याच ध्यानात आलं नाही. जिना चढताना तुम्ही मधल्या पायरीवर थांबायचात, खोकायचात. आम्ही वय म्हणायचो. दिवसभर दुसऱ्यांचा श्वास मोजणारे आम्ही.

तर तिचा साखरपुडा ठरला, पनवेलच्या मुलाशी. रविवार होता. मी नेरळला गेलो नाही, पण नेरळच्या अलीकडे पुलाच्या कठड्यावर बसून राहिलो आणि आयुष्यात पहिल्यांदा पाकीट विकत घेतलं. त्या दिवशी दहा ओढल्या. सोमवारी सकाळी कर्जतहून चौककडे येताना गाडी दोनदा बाजूला घेऊन दोन. मला सोमवार आठवला नव्हता असं नाही. मी चिडलेलो होतो आणि चिडलेल्या माणसाला वाटतं की मशिनलाही आपलं दुःख कळावं.

आकडा आला एकोणतीस. तुम्ही चष्मा वर केलात. चार मिनिटं थांबून परत घेतलात, परत तेवढाच. मग तुम्ही नेहमीचं विचारायला लागलात. ताप होता? नाही. शिबिरात रक्त दिलंस? नाही. “सिगरेट?” आणि मी ओरडलो, “चाचा, मी काय पेशंट आहे का? तुमचं मशिन बिघडलंय ते बघा, माझ्यावर काय संशय घेता!” तुम्ही एक क्षण माझ्याकडे पाहिलंत आणि विश्वास ठेवलात. दारावर ‘मशिन बंद’ लावलंत. बाहेर पाच पेशंट बसले होते. त्यांना आत बोलावून एकेकाची माफी मागितलीत आणि परत पाठवलंत. एक बाई वावर्ल्याच्या वरच्या वाडीतून आली होती. तिला मोठ्या औषधाचा कोर्स सुरू करायचा होता आणि तो फुप्फुसांना झेपेल का, हे या टेस्टवर ठरायचं होतं.

मंगळवारी तुम्ही सगळं उघडलंत. मोठ्या सिरिंजने हवा ढकलून पाहिलीत, नळ्या साबणाच्या पाण्यात बुडवून बुडबुडे शोधलेत, नवीन सिलिंडर लावलात. काही सापडलं नाही. कंपनीचा इंजिनिअर फोनवर म्हणाला, शनिवारी येतो. बुधवारी तुम्हाला सुचलं, “थांब. माझा जुना आकडा हाय की. मीच बसतो.” आणि तुम्ही चिमटी लावलीत, आणि मी तुमच्या कानाशी ओरडलो, बोटं मिटवली. तुमच्या कपाळावर शीर उभी राहिलेली मला अजून दिसते. पडद्यावर आकडा आला सोळा.

तुम्ही हसलात. चिमटी काढून माझ्या पाठीवर थाप मारलीत. “बघ! पंचवीसाचे सोळा दाखवतंय! मशिनच गेलंय. तू बरोबर होतास रं, मी उगाच तुझ्यावर शक घेतला.” मी पण हसलो. मग पाणी प्यायचं निमित्त करून बाहेर आलो आणि जिन्यात बसलो. मशिन ठीक होतं. हे जगात एकट्या मला माहीत होतं. माझ्या आकड्यातले चार गेले ते सिगरेटने. तुमचे नऊ कशाने गेले?

मी बुधवारी बोललो नाही, चाचा. तेव्हाचं माझं डोकं सांगतो. आधी नोकरीची भीती होती. मग वाटलं, मी जोवर गप्प आहे तोवर तुम्ही बरे आहात. खोटं मी माझ्यासाठी बोललो होतो आणि आता ते तुम्हाला धरून उभं होतं, मी काढलं की तुम्ही पडणार. गुरुवारी दुपारी डबे उघडले. चाचींनी तळलेले बोंबील दिले होते. त्यातला मोठा तुम्ही माझ्या झाकणात टाकलात आणि म्हणालात, “तुझ्यासारखं पोर खरं बोलत होतं आणि मी सिगरेटचं विचारलं. मनाला लावून घेऊ नको.”

मी म्हणालो, “चाचा, मी ओढली होती.”

तुम्ही घास तोंडात घातलात, चावलात, गिळलात. बेसिनवर जाऊन हात धुतलेत, फार वेळ. पाठमोरेच होतात. “किती?” “रविवारी दहा. सोमवारी सकाळी दोन.” “काल? आज?” “काल एक. आज नाही.” “ती कोण?” मी बोंबलाचा काटा काढत राहिलो. “बरं,” तुम्ही म्हणालात आणि वळलात. मला वाटलं तुम्ही आता सोळाबद्दल बोलाल. तुम्ही रजिस्टर माझ्यासमोर टाकलंत. “पाच माणसं परत पाठवली मी. माझ्या तोंडानं. आता तू प्रत्येकाला फोन लावायचा आणि मशिन चांगलं होतं, चूक माझी होती, असं सांगायचं. तुझ्या मामाच्या ओळखीचा असला तरी सांगायचं. आणि उद्या सकाळपर्यंत धूर बंद.” वाडीतल्या बाईच्या मुलाने फोनवर माझी आई-बहीण काढली. “आमी काय लग्नाला आलो होतो काय रं? दोन टेंपो बदलून आलो आईला घेऊन!” मी म्हटलं, हो. उलट बोललो नाही. तुम्ही बाजूला बसून ऐकत होतात, आणि मला वाटतं तुम्हाला त्यातल्या त्यात बरं वाटलं.

शुक्रवारी सकाळी आपण दोघंच खोलीत होतो. माझा आकडा तेहतीस आला तर मशिन चांगलं, आणि मशिन चांगलं तर तुमचे सोळा खरे. कमी आला तर शनिवारी इंजिनिअर येणार, काहीतरी पिळणार आणि तुम्ही पंचवीसचेच. मी नळी तोंडात धरली आणि ठरवून श्वास अर्धाच ओढला. दीड-दोन वर्षं पेशंटच्या चुका पकडल्या, तर चूक कशी करायची ते मला नीट माहीत होतं. पण मशिनने लगेच लाल खूण दाखवली, श्वास अपुरा, आकडा धरता येत नाही. आणि दुसऱ्यांदा घ्यायच्या आधी चार मिनिटं थांबायला लागतं, म्हणून आपण थांबलो. तुम्ही खुर्ची ओढून माझ्यासमोर बसलात. “कमी ओढलीस.” मी नाकाची चिमटी काढली. “मला वाचवायला?” मी रडायला लागलो, हे तुम्ही नंतर कोणाला सांगितलं नाहीत त्याबद्दल उपकार. तुम्ही म्हणालात, “येड्या, मशिन फसलं म्हणून मी वाचत नाय. नुस्तं कळत नाय एवढंच. डोळे पूस. नाक गळत असलं की चिमटी बसत नाय.”

तेहतीस. चार मिनिटांनी परत, साडेबत्तीस. तुम्ही रजिस्टरवर दोन्ही आकडे लिहिलेत, पुढे ‘मशिन ठीक’ लिहिलंत, दारावरचा कागद काढलात. “पेशंट घे आत. मी मॅडमकडं जाऊन येतो.” चपला घातल्यात आणि गेलात. मी पहिल्या पेशंटला ओरडलो तेव्हा माझा आवाज फाटला होता.

पुढचं तुम्हाला माहीत आहे, पण लिहायला मला आवडतं. छातीच्या डॉक्टर मॅडमनी स्कॅन काढला आणि मग तुम्हाला असलं काही विचारलं की तुम्ही चमकलात: घरी पक्षी पाळता का? भिसेगावच्या गच्चीवर तुमची चाळीस कबुतरं होती. सकाळी नमाज झाली की तुम्ही खुराड्यात, ड्युटीवरून गेलात की परत खुराड्यात. त्यांच्या विष्ठेची नि पिसांची धूळ वर्षानुवर्षं आत जाऊन फुप्फुसं सुजली होती. मॅडम म्हणाल्या, वेळेत आलात, अजून सगळं कडक झालेलं नाही. गोळ्या घ्या आणि कबुतरं सोडा. गोळ्यांचं तुम्ही लगेच मान्य केलंत. कबुतरांसाठी मॅडमशी वाद घातलात, मी पहिल्यांदाच तुम्हाला वाद घालताना पाहिलं. शेवटी ती खोपोलीच्या एका शौकिनाला दिली. संध्याकाळी तुमच्या आधी सगळी गच्चीवर हजर. परत दिली, परत आली. चाची कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, “तुमच्यापेक्षा त्यांनाच घराची ओढ जास्त हाय.” तिसऱ्यांदा चाचींच्या भावाने टेंपो आणून ती श्रीवर्धनला नेली, तेव्हा तुम्ही खाली रस्त्यापर्यंतही आला नाहीत. खुराडं मी तोडलं, तोंडाला मास्क, डोक्याला फडकं बांधून, दोन रविवार. चाचींनी मला सांदणं खाऊ घातली. त्या खरवडलेल्या गच्चीवर मी जितका सुखी होतो तितका त्या वर्षी कुठेच नव्हतो. दर तीन महिन्यांनी मी तुमच्या कानाशी ओरडायचो आणि तुम्ही म्हणायचात, “हळू रं, मी बहिरा नाय.” सोळाचे अठरा झाले, वीस झाले, एकदा साडेएकवीस. त्या दिवशी तुम्ही सगळ्या मजल्याला चहा पाजलात.

तिची पण एक गंमत राहिली. लग्नानंतर वर्षभराने ती सासूला घेऊन टेस्टला आली. मी नाकाला चिमटी लावली, नळी दिली आणि “सोडा” म्हणायला तोंड उघडलं तर शब्दच बाहेर येईना. सासू नळीत तोंड घालून माझ्याकडे बघतेय. तुम्ही मला बाजूला सारलंत आणि स्वतः ओरडलात. त्या गेल्यावर म्हणालात, “हीच काय ती दहा अधिक दोन?” आणि इतके हसलात की खोकला यावा. आला नाही. आपण दोघंही तो येतो का हे बघत थांबलो होतो.

आता ते राहिलेलं. हे कागद मी चाचींना नेऊन द्यायचे ठरवलं होतं, त्या वाचून घेतील कोणाकडून तरी. पण यापुढचं त्यांच्यासमोर कोणी वाचावं असं मला वाटत नाही, म्हणून हे माझ्याकडेच राहील. तुम्ही गेलात त्या सकाळी तुमच्या मुलाचा फोन आला. पाव आणायला गेला होतात, दुकानाच्या बाकावर बसलात आणि दोन मिनिटांत संपलं. तो बोलत होता आणि मी त्याला मधेच तोडून पहिलं हेच विचारलं: “दम लागला होता का?” तो गोंधळला. “नाही, हृदय बंद पडलं म्हणाले डॉक्टर. दम नव्हता लागला. दुकानदाराशी गप्पा मारत होते.” मी परत विचारलं, “नक्की?” तो म्हणाला, नक्की. कब्रस्तानात मी माती घातली, लोकांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, मी पोशीरला आलो, आंघोळ केली. आईला वाटलं हा आज जेवणार नाही, तिने माझं ताट घेतलंच नव्हतं. मी मागितलं. भात दोनदा वाढून घेतला, वर ताक प्यायलो, आणि ती बघत राहिली. चाचा, मला त्या दिवशी भूक लागली होती. तुमचे सोळा आले त्या बुधवारपासून तीन वर्षं मी पोटभर जेवलो नव्हतो, हे मला जेवताना कळलं.